चिमणी

तीस वर्षं मुरूडात कवळ्या केल्या मी.
त्याच सळईनं आता घोडी कोरते,
चार बोटं उंच.

आत तांब्याची तार, तारेवर चॉकलेटची चांदी,
वर पॉलिमर क्ले. माती कसली, प्लास्टिकच;
पण खाऱ्या दमट हवेत हात चिकट होतो
आणि घोडीच्या पुठ्ठ्यावर माझाच अंगठा उमटतो.
स्पिरिटच्या बोळ्यानं पुसते.
नाकपुडी सुईनं.
बरगड्या दिसतील न दिसतील इतपत.

भाजायला ठेवली आणि वीज गेली.
आली तेव्हा एक कान तडकलेला.
असू दे. चिमणीचाही फाटकाच आहे.

चिमणी म्हणजे मुख्तारची घोडी,
वीस रुपयांत किनाऱ्यावर एक फेरी.
आयाळीला केस तिचेच, त्यानंच कापून दिलेले.

तिन्हीसांजेला आला तो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिला.
"सगळं बरोबर हाय, बाय.
पण ही चारी पायांवर उभी.
आमची दमली की मागचा डावा सैल सोडते,
खुराचं टोक नुसतं वाळूला लावते."

सहा वर्षं खिडकीतून बघतेय मी तिला.

भाजलेला पाय वाकत नाही.

रात्री नवी तार कापायला उठले.
ओट्याशी उभी होते, खाली पाहिलं:
माझाही डावा गुडघा सैल,
टाच फरशीवरून उचललेली.
हलले नाही.
तशीच उभी राहून
तारेला आधी तेवढंच वळण दिलं.