देबोलेत्सा

सिंदेवाहीच्या पुढं, आमच्या मिशनच्या दवाखान्यात
ओर्नेल्लाबाईंचं हिरवं रजिस्टर असायचं.
वर्षाअखेरी ते बेर्गामोला जायचं,
म्हणून आजाराचं नाव इटालियनमध्ये.
ताप सोपा. हगवण सोपी. विंचू तर फारच सोपा,
चित्र काढलं तरी भागायचं.

अडलं रायवंता नन्नावरेपाशी.
"काय होते वो?"
"वीकनेस हाय बाई."

बाई म्हणाल्या, हा तर इंग्रजी, मला येतो.
आणि लिहिलंसुद्धा: देबोलेत्सा.
मी म्हटलं, थांबा.
असेल इंग्रजांचा, पण आता तो इकडंच राहतो,
शाळा शिकला नाही, बांधीत उतरलाय
गुडघाभर गाळात.

बारा दिवस वाकून रोवणा, तो वीकनेस.
सगळ्यांचं वाढून झाल्यावर
गंजात उरलेलं वरणाचं पाणी, तेही.
पोरगी नांदायला गेली अन् फोन उचलत नाही,
"मले तं वीकनेसच आला."
आणि पांढरं जातं, हे तर
कोणी बोलतच नाही. त्याला
वीकनेसचं लुगडं नेसवून आणतात दवाखान्यात.

बाईंनी चष्मा काढला. आणखी दोन शब्द दिले,
भाजीवालीनं वरून मिरच्या टाकाव्या तसे:
स्तान्केत्सा. फियाक्का.
एक थकव्याचा, दुसरा आळसाकडं झुकलेला.
आळसाचा मी परत केला.

रायवंता बाकावरून ऐकत होती.
"मायावाल्या दुखण्याचं नाव एवढं लंबं हाय काय?
सुई देता का नाई, लालवाली?"

शेवटी बाईंनी आपल्या लिपीत
तसंच उतरवलं, कानाला लागलं तसं: वीकनेस.
एकट्या श्रावणात त्रेसष्ट वेळा.

माघात बेर्गामोहून पत्र आलं:
हा वीकनेस डासांमुळे होतो का?
लस निघाली आहे का? असल्यास किती पाठवू?

आम्ही पोट धरून हसलो.
संध्याकाळी बाई उत्तर लिहायला बसल्या,
वर तारीख घातली,
आणि पेन धरून बसूनच राहिल्या.
अंधार पडला, लाइट गेली, आली.
"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई वो," म्हणाल्या,
"वीकनेस."

मी उठले. चहा मांडला,
साखर जरा जास्त.