मलपृष्ठासाठी दहा ओळी

निर्मळे म्हणतात, फर्मे छापून झाले,
लेखिकेचा परिचय तेवढा द्या, दहा ओळींत,
जन्म, शिक्षण, पुरस्कार, असला तर फोटो.
परभणीहून त्यांचा तिसरा फोन.

लिहितो:
तादोरा ह्रिंचिक. जन्म बेलारूसच्या दक्षिणेला,
जिथं नदी कुठं संपते नि जमीन कुठं लागते
हे फक्त गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक.
निर्मळे, ती रशियन लेखिका नाही.
जाहिरातीतलं ते आधी काढा.
घरी एक भाषा, शाळेत दुसरी.
घरची तोंडातून निसटली की अख्खा वर्ग हसायचा.
माझ्या वडिलांना इथं सेलूत
निजामाच्या शाळेनं बेरीज-वजाबाकी उर्दूतून शिकवली;
मरेपर्यंत ते हिशेब उर्दूत करत
आणि भांडण मराठीत.
हे परिचयात बसत नाही. खोडलं.

पहिलं पुस्तक, तीनशे प्रती.
चाळीस तिनं स्वतः सायकलवरून वाटल्या.
ग्रंथालयात नोकरी, अकरा वर्षं.
मग एका सोमवारी तिच्याच हातात यादी दिली,
कपाटांतून काय काय काढायचं त्याची.
सतराव्या क्रमांकावर तिचंच नाव.
तिनं पुस्तक काढलं, रीतसर नोंद केली,
आणि स्वतःच्या कार्डावर घरी नेलं.
अजून परत केलेलं नाही.
दंड चढत असेल.

सध्या मुक्काम सीमेपलीकडं.
रात्री बेकरीत पाव, सकाळी कादंबरी.
पुरस्कार?
विचारलं तर लिहिते:
एकदा आईला फोनवर पूर्ण प्रकरण वाचून दाखवलं,
लाइन तुटली नाही.

आणि ओळी संपल्या तरी हे सांगायचंच राहिलं,
की तिच्या पानापानात एक ओली जमीन आहे,
पाय ठेवला की श्वास घेणारी,
आणि मला दोन वर्षं तिला शब्द सापडत नव्हता.
दलदल लिहिलं, पुस्तकी वाटलं.
चिखल म्हणजे आपल्याकडं चार दिवसांचा पाहुणा.
टँकरच्या रांगेत उभं राहून मी
पाण्यानं फुगलेल्या मातीसाठी शब्द शोधत होतो.
शेवटी धुरपतबाई भोईण,
मंगळवारच्या बाजारात, मासोळीचे खवले काढता काढता म्हणाली,
धरण झाल्यापासून आमचं रान सारं चिबडलंय, गुरुजी.
तिथं गहू नाही, माणूस नाही,
घराचा उंबरा तेवढा उन्हाळ्यात वर येतो.

चिबड.
घरी येऊन दोनशे चौदा ठिकाणी दुरुस्त केलं.
तादोराला कळवलं, शब्द कुणाचा तेही.
तिनं उलटटपाली लिहिलं, मोठ्यानं म्हणून पाहिलाय,
पाय रुततो तस्साच वाजतो.

तर निर्मळे,
ओळी पन्नासच्या वर गेल्यात, मला कळतंय.
धुरपतबाईनं विचारलंय,
त्यांच्या चिबडात मासा कोणता गावतो.
तेही पत्रात घातलंय. उत्तर यायचंय.
तोवर फोटोची चौकट
मोकळीच राहू द्या.