टपालाच्या वाटेवर

मंगळवारी आणि शुक्रवारी, एवढीच माझी नजर त्याच्यावर.
मधल्या दिवसांचं मला विचारू नका.
एकशे दहा किलोमीटर लाल माती, एकोणीस पेट्या,
आणि सातव्या पेटीच्या पुढे, कोरड्या ओढ्याच्या काठी,
सॉल्टबुशच्या खुरट्या झुडपांत तो.

एप्रिलमध्ये दोघं होती.
ती त्याच्याहून थोराड, मानेची कातडी निळीशार,
आणि तिच्या गळ्यातून तो आवाज:
रिकाम्या टाकीवर कुणी मूठ आपटावी, तीही जमिनीखालून.
पहिल्यांदा मला वाटलं, गाडीतच काही बिघडलंय.
उतरून बॉनेट उघडलं.
इंजिन गप्प. आवाज चालूच.

चौदाव्या पेटीची लिओनी म्हणाली,
रात्री वर बघ. चांदण्या नकोस बघू,
चांदण्यांमधला काळोख बघ.
तिचं बोट धरून मी मान पाहिली, मग पोट, मग पाय.
तो पळतोय तोवर खाली जोड्या जमतात, ती म्हणाली,
वरचा बसला की खालचाही बसतो.
तिच्या आजीच्या भाषेतलं त्याचं नावही सांगितलं.
मी ते वहीत लिहिलं नाही.
ते माझ्या वहीत ठेवायचं नाव नव्हतं.

मेच्या अखेरीस खळग्यात अंडी.
काळसर हिरवी, ओल्या काचेसारखी. आठ मोजली, दुर्बिणीतून.
तो त्यांवर बसला आणि बसूनच राहिला.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी ती नव्हती.
पुढे एकदा धरणाजवळ कुणा दुसऱ्याबरोबर दिसली;
तीच होती असं शपथेवर सांगणार नाही.

त्याला काय म्हणावं? बाळंतीण म्हणावं तर बाप.
ना डिंकाचा लाडू, ना शेकशेगडी,
चोचीत दाणा नाही, पाण्याचा थेंब नाही.
सकाळी पाठीवर दव गोठलेलं.
उठायचा, चोचीनं एकेक अंडं फिरवायचा,
पुन्हा पाय दुमडून खाली.
मंगळवारी जेवढा होता त्याहून शुक्रवारी कमी.
पिसांचा ढीग तेवढाच, आतला एमू आटत चाललेला.

नवव्या पेटीचा ट्रेव्हेला कुंपणाशी भेटला, हातात पक्कड.
तीन ठिकाणी तार तोडली हरामखोरांनी, म्हणाला.
गव्हात घुसतात. एकेकाला गोळी घातली पाहिजे.
मी त्याला खळग्याबद्दल काही बोलले नाही.
बिलं दिली, बहिणीचं पत्र दिलं, निघाले.

मग पाऊस. रस्ता बंद.
दोन मंगळवार, एक शुक्रवार हुकले.
ते होताना पाहिलं असतं, तर आता सांगितलं असतं.
गेले तेव्हा खळग्यात कवचं होती
आणि दोन अंडी, थंड, आणखी गडद झालेली.

तो कुंपणाशी सापडला.
पट्ट्यापट्ट्यांची सहा पिल्लं, एखाद्या पायजम्याच्या कापडाची वाटावीत अशी,
तारेखालून पलीकडे गेलेली, ओल्या गवतात.
तो अलीकडे.
तारेला छाती लावायचा, मागे सरायचा,
कुंपणाच्या कडेनं शंभर पावलं जायचा, परत यायचा.
पिल्लं पलीकडून त्याच्याबरोबर जायची, यायची,
शिट्टी घालत. त्यांना तो खेळच.
मी गाडीत बसून. मला जवळ जाता येईना,
गेले तर पळेल, आणि पळेल तो उलट्या बाजूला.

तेरा पेट्या उशिरा पोचल्या त्या दिवशी.

शुक्रवारी ट्रेव्हेलाचं फाटक सताड उघडं.
बावीस वर्षांत मी ते तसं पाहिलं नव्हतं.
इकडचा नियम पोराबाळांना पाठ:
फाटक जसं सापडेल तसं ठेवावं.
चिखलात तीन बोटांचे मोठे ठसे, आत जाणारे,
आणि त्यांच्या आधीचे, बुटांचे.
मेंढ्या मिसळतील, मनात आलं. आठवडा जाईल वेगळ्या करायला.
हे त्याला माझ्याहून जास्त माहीत.

फाटकाला मी हात लावला नाही.
त्याच्या पेटीत विजेचं बिल टाकलं,
झाकण तेवढं नीट लावून घेतलं.