नऊ कांबळे

यादीत कांबळे नऊ निघाले.
म्हणून पुढं विमानांची नावं लावली, पूर्वीसारखीच:
पॅकेट कांबळे, कॅनबेरा कांबळे, हंटर कांबळे,
आणि स्टोअरमधला एक, जन्मात विमानाला हात न लावलेला,
तो ब्लँकेट कांबळे.
मी नॅट. इंजिन फिटर. गुडघे दोन्ही गेलेले.

सिद्धार्थनगरात, समाजमंदिरातल्या सतरंजीवर
आम्ही सहा जण आणि सोनुलेची सून, मांडीवर लॅपटॉप.
आठ ऑक्टोबर नको, त्या दिवशी साहेब लोकांचं असतंय.
डिसेंबर नको, उसाच्या ट्रॉल्या रस्ता देत नाहीत
आणि सहाला निम्मे दादरला.
फेब्रुवारीचा दुसरा रविवार. ठरलं.
तेवढ्यात कुरणेला नातवाचं जावळ आठवलं.
तिसरा रविवार.

हॉलवाल्याला फोन लावला.
कसला कार्यक्रम? एअर फोर्सचे जुने लोक, म्हटलं, कुटुंबासह.
'वा वा, जय हिंद सर!' मग जरा थांबून,
'आणि समाज कुठला म्हणायचा?'
मी म्हटलं, दीडशे पानं धरा.
डिपॉझिट त्यानं तिथल्या तिथं पाच हजारानं वाढवलं
की आधीपासून तेवढंच होतं,
हे आम्हाला कधी कळणार नाही.
काही आवाज इंजिनात असतात,
गेजवर दिसत नाहीत.

हलवाऱ्याच्या बिलेटमध्ये माझ्या इनॅमलच्या मगाला
कुणीतरी लाल दोरा बांधला होता, खुणेला.
मी सोडला नाही. दोन वर्षांत तो मळून काळा झाला.
पहाटे चारला मात्र, टॉर्च दातात धरून,
मी फॉर्म सातशेवर सही करायचो
आणि त्या सहीवर माणसं आभाळात जायची.

बायकांची यादी वेगळी कर, मी सोनुलेच्या सुनेला म्हटलं.
'वेगळी कशाला, काका?'
खरंय. जोरहाटला सिलिंडर डोक्यावर आणलेल्या,
आदमपूरला खिडकीवर घोंगडं ठोकून
अंधारात बाळंत झालेल्या या बाया.
हंटर गेला दोन वर्षांमागं. त्याची बायको येणार.
तिनं विचारलं, ह्यांची टोपी आणू का?
खुर्चीवर ठेवायला न्हवं, नातीला घालायला.

मग समुद्रेचा फोन. पुण्यातनं, दबक्या आवाजात,
बाल्कनीत उभा असावा.
आडनाव बदलून त्याला तीस वर्षं झाली.
नवं त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
'घरी कार्ड पाठवू नकोस भावा,
सुनेच्या माहेरी ठाऊक नाही.'
येणार हाईस का पण?
बराच वेळ नुसती ट्रॅफिक ऐकू आली.
'बिल्ल्यावर नाव नको. सर्व्हिस नंबर घाल माझा.'
आणि मी पेन शोधायच्या आत
सहाच्या सहा आकडे घडाघडा म्हणाला,
एकदम मोठ्यानं, परेड ग्राउंडवर म्हणावेत तसे.
मागं कुणीतरी विचारलं, 'बाबा, काय झालं?'
फोन बंद.

त्यावरनं वाद. कॅनबेरा म्हणाला,
सगळ्यांचेच नंबर छापू, तो एकटा पडायला नको.
पॅकेट उसळला: 'मी का म्हणून? माझं कांबळेच घाला,
हॉलच्या दारातनं वाचता आलं पाहिजे.'
दोघंही खरे.
सुनेनं लॅपटॉप मिटला. चहा आला, गार झाला.

तांबड्या-पांढऱ्यावरनं परत आवाज चढले
आणि वरनं उजळाईवाडीचं विमान गेलं.
सहा माना एकदम वर, पत्र्याकडं.
'डावं जरा घासतंय,' कुरणे.
'प्रॉप हाय, तसंच वाजतंय,' मी.
पंचगंगेपल्याड आवाज विरेपर्यंत कुणी कप उचलला नाही.
मग ब्लँकेट म्हणाला,
मटण पंचवीस किलो धरा.