इतिवृत्तात न आलेलं

ठाकूरद्वारला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही सात जण.
खाली गहू दळतात, वर इतिहास.
पीठ दोन्हीकडे उडतं.

यंदा विषय घेतलाय : माणसानं मांस का सोडलं,
आणि आता दूधही का सोडतोय.
यज्ञातला पशू पिठाचा कधी झाला, यावर
निमेषभाई झवेरी पाऊण तास बोलले.
छान बोलले. पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या,
पणजोबांनी पांजरपोळाला दिलेल्या
गवताच्या गाडीची पावतीसुद्धा आणलेली, प्लास्टिकमध्ये.

जयवंती तांडेल म्हणाली,
नारळी पुनवेपर्यंत आमची जाळी वाळत असतात.
पोटात गाबोळी असते तिच्या. तेव्हा नाय धरायची.
हे कुठल्या प्रकरणात?
आम्ही सूची चाळली, मागून पुढे.

नऊ वर्षांपूर्वी भाड्याची खोली बघायला
मी ज्या इमारतीत गेले होते,
'ताई, स्वयंपाकात काय काय असतं?' विचारणारे सेक्रेटरी
हेच निमेषभाई.
त्यांना आठवत नाही.
मला त्यांच्या दाराचं मोत्यांचं तोरण आठवतं.
पण मी इतिवृत्त लिहिते. मी मध्ये बोलत नाही.

मग प्रल्हाद खरात, जे कधीच बोलत नाहीत :
"सोडलं सोडलं म्हणताय मघापासून.
आमच्या आज्याच्या वस्तीनं एका रात्री ठरवलं,
मेलेलं ढोर ओढायचं नाही. खायचं नाही.
वळचणीच्या चान्या उतरवून पुरून टाकल्या.
गावानं काम बंद केलं, दाणा बंद केला.
दोन महिने भाकरी आणि मीठ,
मग नुसतं मीठ.
हे पण सोडणंच ना?
याला तुमच्यात शब्द कुठला?"

गिरणीचा पट्टा तेवढा फिरत राहिला.
निमेषभाईंनी पेन्सिल उचलली,
समासाशी नेली,
आणि तशीच धरून बसले.

चहा आला. कृत्तिकासाठी कोरा,
तिनं सात महिन्यांपूर्वी दूध सोडलंय,
तिच्या आईला ताकापर्यंत पटतं, तुपाशी गाडी अडते.
कोरा खरातांनाही.
ते पहिल्यापासून कोराच घेतात.
घरात दूध यायचं नाही, म्हणाले, सवय राहिली.
चार वर्षांत आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

मी वहीत लिहिलं :
उपस्थिती सात. चर्चा रंगली.
चहा पाच, कोरे दोन.