आज कांदा आहे

पाइप माझ्या हातात होता.
लांज्याला हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
स्कॅफोल्डिंगचा, सव्वा मीटर,
दिवसभर उन्हात तापून रात्री साडेनऊलाही कोमट.

सोहारच्या बंदरामागे आमचा कॅम्प.
खोली चौदा, खोली पंधरा, मधे दोन हात बोळ,
टोकाला स्वयंपाकघर: सहा शेगड्या, त्यातल्या दोन मेलेल्या.
त्या संध्याकाळी फोनवर कसलासा व्हिडिओ आला,
कुठल्या गावचा, कुठल्या सालचा, कुणाला ठाऊक.
चौदाने पाहिला. पंधरानेही पाहिला.
मग कुणाचं तरी पातेलं कुणीतरी खाली उतरवलं
आणि गुलरेझच्या मनगटावर उकळती डाळ सांडली.

सांडली, की सांडवली?
त्या एका 'व'साठी
आम्ही एकवीस जण बोळात उभे राहिलो.

नझीरमामा हुरजूक नमाज आटपून येत होते.
दाभोळचे. तेवीस वर्षं मेसचे आचारी, एक डोळा अधू.
त्यांनी कुणाला आवरलं नाही,
अल्लाचं नाव काढलं नाही, पोलिसाचं नाही, मुदीरचंही नाही.
आत गेले, कांद्याचं पोतं फरफटत आणलं,
बोळाच्या मधोमध टाकलं
आणि शेजारी फरशीवर बसले,
आमच्याकडे पाठ करून.
टोपीखाली उघडी मान, मानेवर घामाची एक रेघ.

"उद्या शुक्रवार. दोनशे मानसांची बिर्यानी.
माज्या एकट्याच्यानं व्हायची नाय.
बसा हितं. सुऱ्या त्या टोपात हायत."

माझ्या पोटात गोळा आला.
भांडणात कोण सुऱ्या वाटतं?

पहिला बसला लोकबहादुर,
ज्याचं या भांडणात काहीच नव्हतं.
मग पंधरातला एक, खाली बघत.
मग मी,
कारण पाइप धरून कांदा सोलता येत नाही.

तासाभरात बोळातले सगळे रडत होते.
कोण कशासाठी, ते ओळखायची सोय नव्हती.

गुलरेझ आला नाही.
मामा रोज त्याच्या दाराशी ताट झाकून ठेवत,
रोज ते तसंच भरलेलं परत येई.
दहाव्या दिवशी रिकामं आलं, न धुता.
मामा म्हणाले, "एवढा पुष्कळ झाला."

त्या दोन शेगड्या आम्हीच दुरुस्त केल्या.
माणशी अर्धा रियाल;
नाक्यावरच्या दादकरीम बलुच्याने बर्नर घेतल्या भावाने दिले
आणि स्वतः बसवायला आला, कंदुरा गुडघ्यापर्यंत खोचून.
कुणाची पाळी कधी, ते भिंतीवर चार लिप्यांत लिहिलं.
गुरुवारी रात्री फोन तांदळाच्या डब्यात, झाकण लावून.
याला कुणी समिती म्हणत नाही.
तापायला लागलं की कुणीतरी खोल्याखोल्यांतून सांगत जातो,
आज कांदा आहे.

नेहमी जमतंच असं नाही.
मार्चमध्ये पोतं मधे असताना एकाचा दात पडला.
तो दात आम्ही कांद्याच्या सालींत शोधत बसलो,
पाडणाराही शोधत होता.

मामा गेल्या थंडीत कायमचे घरी गेले.
आता पोतं माझ्याकडे.
काल दोन नवीन पोरं, एसीच्या रिमोटवरून,
एकाच्या हातात इस्त्री, गरम.

मी जाऊन बसलो. पाठ केली.
तेव्हा कळलं,
मानेला कातडी किती पातळ असते.
इतकी वर्षं मी ती रेघ घामाची समजत होतो,
घामाचीच होती,
पण उन्हाच्या घामाची नव्हे.

मागे एक पाऊल वाजलं.
थांबलं.
मी पुढचा कांदा उचलला.