लाभ, दोन, तीन

काझी सरांनी माझ्या वहीतला पहिला परिच्छेद
पेन्सिलीनं आडवा खोडला.
"जीप सुरू होताना घरघरते ना,
ती घरघर प्रवासात धरत नाहीत. निघ आता."

दुसरा परिच्छेद गाईडातला होता, तोही गेला.
तिसऱ्यात उरलं एकच वाक्य:
माझे वडील मोंढ्यात मापाडी आहेत, त्यांचे हात कष्टाळू आहेत.

"कष्टाळू तर निबंधात सगळ्यांच्याच बापाचे असतात.
धान्य कोणत्या हातानं सारतात ते?"

मला सांगता येईना.
आठवीत होते. आई गेल्यापासून
त्याच हातांनी माझ्या वेण्या घातल्या होत्या.

"जा, पाहून ये. वही नेऊ नकोस, कुशावर्ता."

सेलूचा मोंढा, तुरीचे दिवस.
जिनिंगचा भोंगा होऊन गेलेला, नाकात भुकटी,
हमालांच्या पाठीवर पोत्याच्या विणीचे ठसे,
अडत्याच्या गादीशी साय धरलेला चहा.
बाबा काट्यापाशी उकिडवे.
पहिल्या वजनाला ते एक म्हणत नसत.
"लाभ" म्हणायचे, लांबवून,
मग दोन, मग तीन.
हे गाईडात नव्हतं.

उजवा हात धान्य सारायचा.
डावा वजनांच्या पारड्याशी.
अंगठा साखळीजवळ,
मग साखळीवर,
माशी बसावी इतका हलका.
मानवतकडचा कुणी म्हातारा समोर उभा राहून
बोटांच्या पेरांवर मोजत होता, लाभ, दोन.
आणि अडत्या नेमका तेव्हाच
भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

रात्री बाबा भाकरी थापत होते.
"काय लिहायलीस गं?"
"हातांवर."
"माझ्या?" हसले. पिठाचे हात उगाच झटकले.
"चांगलं लिव."

तिथंच अडले.
चांगलं लिहायचं,
का चांगलं लिहायचं?

उजव्या हातावर दोन पानं झाली.
नखात अडकलेली तुरीची साल,
करंगळीचं वाकडं बसलेलं हाड,
वजन झाल्यावर धुळीत ओढायची रेघ,
पाच रेघांचा एक गठ्ठा.
डाव्यावर एक ओळ:
दुसरा हात काट्याला आधार देतो.

सरांनी वर्गात वाचून दाखवला. दहापैकी आठ.
पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी बाकाची खिळी बघत बसले.
वही परत आली तेव्हा
त्या ओळीशेजारी, समासात,
लाल शाईनं नाही, पेन्सिलीनं:
"इथं काहीतरी होतं."

आता मीच निबंध तपासते, जिंतूर रोडच्या शाळेत.
बासष्ट वह्या. बासष्ट गायी दूध देतात,
झाडं प्राणवायू देतात, आया माया देतात,
आणि शेवटी सगळेच देशाचे आदर्श नागरिक होतात.
एखादा मुंजाजी वर्गाबाहेर गाठतो,
"मॅडम, चांगला निबंध कसा लिहायचा?"
सुरुवात खोड, मी सांगते.
विशेषणाला पाहुण्यासारखं वागव, मुक्कामाला ठेवू नकोस.
जाऊन बघून ये, हात हलवत जा.
पुढचं सांगत नाही.
तो तेरा वर्षांचा आहे,
त्याच्या घरीही कुणीतरी आता भाकरी थापत असेल.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.
मोंढ्यात लाल आकड्यांचा काटा आलाय,
शून्यापासून सुरू होतो, मुका.
काझी सर मुलाकडे नांदेडला असतात, कानानं अधू.
फोनवर मी ओरडून विचारलं, सर, तुम्हाला माहीत होतं?
ते म्हणाले, "तूर? यंदा बरी आहे म्हणतात."

वही आहे अजून. समासातलं शिसं पुसट झालंय,
बोट फिरवलं की जरा आणखी.
परवा बासष्ट वह्या बाजूला सारून बसले.
पहिली ओळ लिहिली, खोडली. घरघर होती.
मग लिहिलं:
बाबांचा डावा अंगठा वजनांच्या साखळीवर होता.

लाभ.